बिनमसाल्याची कोंबडी

माझी बायको मंगल हिच्या दहाव्याला नदीवर लोकांनी मला विचारलं, तिच्या नावानं काय सोडताय. आमच्या भावकीत तशी पद्धत आहे. गेलेल्याच्या सगळ्यांत जवळच्या माणसानं वर्षभरासाठी एक खाणं सोडायचं. वर्ष भरलं की, बाई गेली असेल तर तिच्या माहेरचं माणूस येतं आणि तेच खाणं आपल्या हातानं एक घास भरवतं. घास गिळला की माणूस मोकळा. नाही गिळला तर ते जन्मभराचं सोडलं असं धरतात, आणि मग पुन्हा कोणी आग्रह करत नाही.

बहुतेक जण कारलं सोडतात. माझा चुलतभाऊ रामभाऊ मागंच उभा होता, तो हळूच म्हणाला, "जांभळं सोड, म्हंजे तरास न्हाई." मी म्हणालो, वशाट सोडलं. कोंबडी, मटण, मासे, अंडी, सगळंच. आजूबाजूचे लोक माझ्याकडं बघायला लागले. कारण विंझरला रस्त्याच्या कडेला जे चिकन सेंटर आहे ते माझं.

धंदा मी बंद केला नाही. सकाळी टेम्पो यायचा, पिंजरे उतरायचे, गिऱ्हाईक आलं की मी कापून द्यायचो. सोडलेली वस्तू दिवसभर हातात घेऊन कसा राहतो, असं लोक विचारायचे. मला ते जड गेलं नाही. कच्च्या कोंबडीत मंगल नव्हती. मी कोंबडी कापून घरी आणायचो, शिजवायची ती. आमच्या घरात कोंबडी म्हणजे तिच्या हातचा रस्सा, आणि तो तर मी सोडलाच होता.

जड गेलं ते वेगळंच. मंगल दर उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायची. मिरच्या वाळवायच्या, धने, खोबरं, कांदा, लसूण भाजायचं आणि डंकावरून कुटून आणायचं. आजारी पडायच्या आधीच्या उन्हाळ्यातला मसाला डब्यात अर्धा शिल्लक होता. ती गेल्यावर मी पहिल्यांदा वांग्याची भाजी करायला घेतली. गरम तेलात चमचाभर मसाला टाकला, वास आला आणि मी गॅस बंद केला. ती भाजी तशीच राहिली. पुढं कोणाच्याही घरची आमटी ताटात आली की तसंच व्हायला लागलं. आमच्या भागात घरोघरी तोच मसाला असतो, थोडा इकडं तिकडं.

मग मी दूध-भाकरी खायला लागलो. दही-भात, चहा-बिस्कीट. पँट कमरेवर राहीना. एकदा दुकानात गिऱ्हाईक समोर असताना डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि हातात सुरा होता. शेजारी सोनबाचं पंक्चरचं दुकान आहे. तो तिथंच गप्पा मारत उभा होता, त्यानं माझं मनगट धरलं म्हणून बोट वाचलं. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, अंगात काही राहिलेलं नाही, अंडी खा, चिकन खा. धंदा काय करता, असंही विचारलं. मी सांगितलं, तेव्हा ते चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिले.

हे सगळं प्रेरणाला कळलं. प्रेरणा माझी एकुलती एक मुलगी, पुण्याला असते, नोकरी करते. तिनं सांगितलं, आबा, दुकान बंद करा, घराला कुलूप लावा आणि माझ्याकडं या. मी म्हणालो, वर्ष भरू दे. तुझ्या मावशीच्या, आक्कांच्या हातचा घास घेतला की मी खायला लागेन, मग तूच बघ.

"आणि नाही गिळला तर?" ती म्हणाली.

"तर येतो," मी म्हणालो.

मला जायचं नव्हतं. पुण्याला मुलीच्या घरी कमी काही नाही, जावईही चांगले आहेत. पण ह्या घरात मंगल वावरली होती, आणि दुकानात मला अजून काम होतं. तिकडं मी काय करणार होतो? म्हणून तो एक घास माझ्यासाठी फार मोठा होता, आणि तो उतरणार नाही हे मला जवळजवळ माहीत होतं.

घास भरवणार होत्या साळूआक्का. मंगलची थोरली बहीण, आंबवड्याला दिलेली. दोघी बहिणी एकाच आईच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या, त्यामुळं दोघींचा मसाला एकच. मंगल गेल्यावर आक्कांनी मला दुखवट्याच्या जेवणाला आंबवड्याला बोलावलं होतं. मटकीची उसळ केली होती. पहिला घास तोंडात घेतला आणि तसाच बाहेर जाऊन टाकून आलो. आक्कांनी दही वाढलं. त्यांना वाटलं, दुःख ताजं आहे. दुःख होतंच. पण आतल्या आत मला कळलं होतं की वर्षभरानं ह्याच मसाल्याचा रस्सा ह्याच माणसाच्या हातून घ्यायचा आहे.

वर्षश्राद्ध गुरुवारी झालं. भजन झालं, पंगत झाली. त्या दिवशी वशाट चालत नाही, म्हणून आक्का म्हणाल्या, "रविवारी येते पाव्हणं. घरचा कोंबडा आणते, मसाला आणते, रस्सा करते. तुमी फकस्त बसा." मी मान हलवली. शुक्रवारी प्रेरणा पुण्याला परत गेली. संध्याकाळी तिचा फोन आला, पोचल्याचा. तेव्हा मी तिला ते सांगितलं जे वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणालो, दुःख वगैरे ठीक आहे, पण मला तुझ्या आईच्या मसाल्याचा वास सोसत नाही. रविवारी घास उतरणार नाही. तू माझी खोली तयार ठेव.

ती म्हणाली, "आबा, मग मसालाच नको. मी ऑफिसला डब्यात एक सॅलड नेते, चिकनचं. वाटण नाही, फोडणी नाही, मसाला नाही. पंधरा मिनिटांत होतं. पद्धतीत रस्साच पाहिजे असं कुठं आहे?"

ते खरं होतं. सोडताना मी वशाट म्हणालो होतो, रस्सा म्हणालो नव्हतो. मी विचारलं, सॅलड म्हणजे कोशिंबीरच ना. ती म्हणाली, तसंच समजा, पण पोट भरतं. भूमध्य समुद्राच्या काठचे लोक असं खातात. मी म्हणालो, ते लोक आजारी असतात का? ती हसली. म्हणाली, उलट, शंभर-शंभर वर्षं जगतात. मी म्हणालो, तेवढं मला नको.

मग तिनं सगळं सांगितलं आणि मी दोनदा विचारून घेतलं. छातीचा बिनहाडाचा तुकडा घ्यायचा, पातळ चिरायचा. त्याला तेल, लिंबू, मिरपूड, ठेचलेला लसूण आणि मीठ चोळायचं. गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचा, थोडा निवू द्यायचा आणि कापायचा. काकडी, टोमॅटो, कांदा, उकडलेले छोले, भरपूर पुदिना. त्यात बांधलेलं दही मोडून घालायचं, आणि वरून पुन्हा तेल, लिंबू. तेल ऑलिव्हचं. ती म्हणाली, ते तिथं मिळायचं नाही, साधं वापरा. मी म्हणालो, तेलाचं बघतो मी. ऑलिव्हच्या तेलाची बाटली घरात होती. ती कसली, ते मी तिला सांगितलं नाही. मला तेव्हा त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

रविवारी दुकानात गर्दी असते. मी गिऱ्हाईक करता करता एक छाती बाजूला काढून ठेवली. आमच्याकडं छातीला मान नाही. गाववाल्याला नळी पाहिजे, लेग पाहिजे, काळीज पाहिजे. छाती मागतात ती धरणाकडच्या फार्महाऊसवर आलेली पुण्याची माणसं. सोनबानं ती बर्फाच्या पेटीत ठेवताना पाहिली.

"शेठ, आज तुमचं मोकळं व्हणार म्हनं."

"बघू."

"मग ही छाती कुणाला? तुमी का फार्महाऊस बांधताय?"

मी त्याला खरं सांगितलं. त्यानं डोकं खाजवलं. म्हणाला, वर्षभर उपास करून शेवटी काकडीच खायची, तर नदीवर काकडी सोडायची नव्हती का. आणि मग, दुकानाचं शटर ओढायला मला मदत करताना, कमी आवाजात म्हणाला, "खा बाबा कायतरी. कसं का असंना."

घरी येऊन मी अंघोळ केली. पडवीतल्या फळीवरून वशाटाची भांडी काढली. मंगलनं ती वेगळी ठेवली होती, देवाच्या भांड्यांत कधी मिसळू दिली नाहीत. वर्षभर त्यांना कोणी हात लावला नव्हता. राखेनं घासून मासे तळायचा बिडाचा तवा काढला. छोले रात्रीच भिजत घातले होते, ते कुकरला लावले. दही सकाळीच फडक्यात बांधून ठेवलं होतं. काकडी, टोमॅटो चिरले. माझ्या हातानं ते कोंबडीच्या तुकड्यांएवढेच झाले, मग एकेकाचे आणखी तुकडे केले. पुदिना दारातल्या मोरीजवळचा, मंगलनं लावलेला. तो आपोआप वाढतो.

छाती पातळ चिरली. ते काम मला येतं. मीठ, मिरपूड, लसूण, लिंबू वरून घातलं. गॅस पेटवून तवा ठेवला आणि तेल आणायला गेलो.

बाटली मंगलच्या खाटेजवळच्या कोनाड्यात होती. तिच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा उजवी बाजू पूर्ण गेली. ती मग खाटेवरच असायची. पाठीला जखमा व्हायला नकोत म्हणून नर्सबाईंनी सांगितलं होतं, कूस बदलत राहा आणि पाठीला तेल लावत राहा. मेडिकलवाल्यानं ही बाटली दिली. म्हणाला, ऑलिव्हचं आहे, लहान बाळांनाही हेच लावतात. मी सकाळ-संध्याकाळ लावायचो. थंडीच्या दिवसांत तेल आधी दोन्ही तळव्यांत घासून कोमट करायचो, नाहीतर ती अंग चोरायची. तिचं बोलणं जड झालं होतं, दुसऱ्याला कळायचं नाही. मला कळायचं. एकदा म्हणाली, "कोंबडीला हळद-मीठ चोळताय व्हय?" आणि डाव्या अर्ध्या तोंडानं हसली. पुढं ते रोजचंच झालं. मी बाटली उघडली की ती म्हणायची, आली का कोंबडी.

मी बाटली घेऊन ओट्याशी आलो. झाकण काढलं, तळव्यावर तेल ओतलं आणि सवयीनं दोन्ही हात एकमेकांवर घासले. मग छातीचा तुकडा उचलायला हात पुढं केला आणि तो पुढं जाईना.

समोर ताटात पांढरट गुलाबी मांस होतं, आणि हाताला तिच्या पाठीचा वास. मसाल्याचा वास नको म्हणून मी एवढा आटापिटा केला होता. तवा धुरकटायला लागला. मी कोपरानं गॅसचं बटण फिरवलं. तेल कोंबडीला लावणं शक्य नव्हतं, आणि हात धुऊन टाकणंही मला जमेना. तसाच दोन्ही हात पुढं धरून उभा राहिलो.

"पाव्हणं, दार सताड उघडं. मांजरं नेतील की सगळं."

आक्का आल्या होत्या. एका हातात पिशवी, काखेत पाय बांधलेला तांबडा कोंबडा. मी दारात गेलो. त्यांनी पिशवी माझ्याकडं केली, ती मी घेतली नाही. त्यांनी ती खाली ठेवली आणि उंबऱ्यावर टेकल्या. गुडघे धरून बसल्या. आंबवड्याहून भोर, भोरहून कापूरहोळ, तिथं पुढच्या गाडीसाठी ऊन अंगावर घेत उभं राहायचं, असा त्यांचा प्रवास. त्यांनी सांगितलं, कंडक्टर कोंबड्याचं तिकीट मागत होता. मी विचारलं, मग?

"मग काय. म्हनलं, त्यो कुठं शिटावर बसलाय."

आक्का माझ्या आकडसासू, म्हणजे सासूच्या जागी. त्या आल्या की मी त्यांच्या पाया पडतो, लग्नापासून तसं आहे. मी वाकलो आणि दोन्ही हात त्यांच्या पायांवर ठेवले. हाताला तेल आहे हे ठेवल्यावर आठवलं.

"ह्ये काय लावलं वो?" असं म्हणत आक्कांनी पावलावर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मंगल आजारी असताना त्या दोनदा राहायला आल्या होत्या. मी दुकानात असलो की पाठीला तेल त्याच लावायच्या. बोट तसंच नाकाशी धरून त्या बसून राहिल्या.

"मंगीच्या पाठीचं हाय," त्या म्हणाल्या.

मी व्हय म्हणालो. तिथंच खाली बसलो आणि सगळं सांगितलं. प्रेरणाचा फोन, कोशिंबीर, छाती, तेल. त्या ऐकत होत्या. कोंबडा काखेतून काढून त्यांनी जमिनीवर ठेवला, तो पडल्या पडल्या इकडं तिकडं बघत होता. माझं सांगून झाल्यावर त्यांनी उठून ओट्यावर काय मांडलंय ते पाहिलं. काकडीचा एक तुकडा उचलून परत ठेवला.

"वरीसभर सोडलेलं काकडीनं सुटतं व्हय? आन माझा कोंबडा काय गाडी बघायला आलाय?"

त्यांचा राग मला समजत होता. त्या घरचा कोंबडा घेऊन एवढ्या लांबून आल्या होत्या. बहिणीच्या नवऱ्याला भरवायचा घास त्यांच्या मनात वर्षभर शिजत असणार. मी काही बोललो नसतो तर त्यांनी मुकाट्यानं वाटण केलं असतं, मी घास घेतला असता, आणि तो बाहेर जाऊन टाकला असता. म्हणून बोललो.

"आक्का, तुमच्या रश्श्याला तिच्याच रश्श्याचा वास येतो. मला गिळवत न्हाई. आंबवड्यालाबी तसंच झालं हुतं."

आक्का माझ्याकडं पाठ करून उभ्या होत्या.

"मला येत न्हाई व्हय वास?" त्या म्हणाल्या. "म्या रोज त्योच मसाला खाते, पाव्हणं. पयल्यांदा रडत खाल्लं. मग नुसतं खाल्लं. पोरं जेवायची असत्यात, घरात दुसरा मसाला कुठनं आणायचा?"

ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता. माझ्यासारखं त्यांना दूध-भाकरीवर राहता आलं नसतं. त्यांच्या चुलीवर घर जेवत होतं.

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि वळल्या. माझे हात अजून तसेच पुढं होते, जमिनीला लागू नयेत असे.

"त्याल पुसून टाकू नका. द्या हितं."

त्यांनी दोन्ही तळवे पुढं केले. मी माझे त्यावर टेकवून तेल पुसलं. त्या पाटावर बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि गुडघ्याला चोळायला लागल्या, आधी उजव्या, मग डाव्या. मी दुसरीकडं तोंड केलं. घरभर तो वास झाला. चोळता चोळता त्या म्हणाल्या, चांगलं आहे की, गरम पडतंय. मग म्हणाल्या, करा तुमचं ते काय आहे ते. घास मात्र मीच भरवणार.

मी साबणानं हात धुतले. डब्यातलं शेंगदाण्याचं तेल घेतलं आणि छातीला चोळलं. आता हात थांबले नाहीत. तवा पुन्हा तापवला, तुकडे टाकले. चर्र असा आवाज झाला आणि लसणाचा, लिंबाचा वास आला. बस, एवढाच. मी नाक वर करून मसाल्याच्या वासाची वाट बघत होतो. तो आला नाही.

कोंबडी शिजली कधी हे मला कळत नव्हतं. कच्ची कशी दिसते ते मला झोपेतही सांगता येईल, शिजलेली मी फक्त ताटातच पाहिली होती. एक तुकडा काढून कापला तर आत गुलाबी. परत टाकला. आक्का पाटावरून बघत होत्या, न राहवून म्हणाल्या, "झाकण घाला की वो वर. आन आच कमी करा." ते ऐकलं. दुसऱ्यांदा कापलं तेव्हा आतून पांढरी होती.

तोपर्यंत आक्का हात धुऊन उठल्या आणि कांदा चिरायला बसल्या. माझा चिरलेला त्यांना पसंत नव्हता. छोले बोटानं दाबून पाहिले. दही बघून विचारलं, हे पण ह्यातच? मी मान हलवली. एकदा त्यांचा हात पिशवीकडं गेला, त्यात मसाल्याची बरणी होती. बरणी त्यांनी बाहेर काढली, माझ्याकडं पाहिलं आणि परत आत ठेवली.

"हिरवी मिरची तरी? का तीबी त्या समुद्रावाल्यांस्नी चालत न्हाई?"

हिरव्या मिरचीला माझी हरकत नव्हती. त्यांनी दोन बारीक चिरून टाकल्या. मी कोंबडीचे तुकडे केले, सगळं मोठ्या पातेल्यात घातलं, वरून तेल आणि लिंबू. पुदिना हातानं तोडून घातला. आक्कांनी मीठ चाखलं आणि आणखी घातलं.

मंगलचा फोटो भिंतीवर आहे, त्याच्या खाली पाट मांडला. आक्का समोर बसल्या. भाकरी सकाळी मी शेजारून आणली होती. ताटात ते ढिगासारखं वाढलेलं, पांढरं, हिरवं, तांबडं. कोशिंबिरीतून कोंबडीचे तुकडे डोकं वर काढत होते. आक्कांनी हळद-कुंकू फोटोला वाहिलं. मग भाकरीचा तुकडा मोडला, त्यात कोंबडी, थोडी काकडी, थोडं दही धरलं आणि हात माझ्या तोंडापाशी आणला.

त्या हाताला तेलाचा वास होता. साबणानं धुतला तरी तो लगेच जात नाही, हे मला माहीत होतं. मंगल असताना मी कित्येकदा त्याच हातानं जेवलो होतो.

मी तोंड उघडलं. घास आत गेला. आधी लिंबू लागलं, मग पुदिना, मग कोंबडी. कोंबडी जरा चिवट झाली होती. आक्का माझ्या गळ्याकडं बघत होत्या. मी चावत राहिलो, जरुरीपेक्षा जास्त चावलो, आणि गिळलं. तो गेला.

आक्कांनी आणखी एक घास केला. पद्धत एकाच घासाची आहे. मी तोही घेतला. मग ताट स्वतःकडं ओढून स्वतःच्या हातानं खायला लागलो. आक्कांनी त्यांच्या ताटात वाढून घेतलं, चार घास खाल्ले आणि म्हणाल्या, "वाईट न्हाई. पण ह्याला जेवण म्हनत न्हाईत."

"मग काय म्हनत्यात?"

"जेवणाच्या आधीचं."

तरी पातेलं रिकामं झालं. जास्त मी खाल्लं. भाकरी कमी पडली, तर आक्का उठल्या, पीठ कुठं आहे विचारलं नाही, त्यांना माहीत होतं. दोन भाकरी थापल्या.

जेवण झाल्यावर प्रेरणाला फोन लावला. म्हणालो, गिळला. तिनं विचारलं, कसं झालं, काय काय घातलं, तेल कुठलं घातलं. शेंगदाण्याचं, म्हणालो. आणि ऑलिव्हच्या बाटलीचं सांगितलं.

"आबा! ते अंगाला लावायचं असतं, खायचं नव्हतंच ते."

"खाल्लं न्हाई," मी म्हणालो. "अंगालाच लावलं."

खोलीबद्दल ती काही बोलली नाही, मीही काढलं नाही. पुढच्या रविवारी येते म्हणाली, आणि माझं वजन स्वतः बघणार म्हणाली.

ऊन उतरल्यावर आक्का निघाल्या. मी बाटलीचं झाकण घट्ट लावून ती त्यांच्या पिशवीत घातली. त्यांनी नको म्हटलं नाही. गुडघे दुखतात तेव्हा लावीन म्हणाल्या. मसाल्याची बरणी मात्र काढून ओट्यावर ठेवली, आणि कोंबडा अंगणात पेरूच्या झाडाला बांधला.

"ह्येला हितंच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "दाणं घाला. पुढल्या टायमाला रस्सा. तवाबी गिळवला न्हाई, तर मग दही वाढते."

मी व्हय म्हणालो आणि त्यांची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत गेलो. सोनबा दुकानासमोर ट्यूब पाण्यात बुडवून बसला होता. त्यानं मान वर करून विचारल्यासारखं पाहिलं. मी पोटावरून हात फिरवला. तो परत बुडबुडे बघायला लागला.

घरी आलो तेव्हा कोंबडा पेरूखाली बसलेला होता. मी त्याच्या पायाची दोरी जरा सैल केली आणि मूठभर बाजरी टाकली. बरणी अजून ओट्यावर आहे. झाकण मी उघडलेलं नाही, पण ती फळीवर आत ढकललेलीही नाही.